गुलाल, ठोकळे आणि चाळीस मिलिसेकंद

विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ बिघडतो तो नेमका गुलाल उधळला जातो तिथे. मंडईतून निघालेली पालखी, रस्ताभर घातलेल्या रांगोळ्या, माणसांनी भरून गेलेल्या गॅलऱ्या, इथवर चित्र स्वच्छ असतं. बेलबाग चौक ओलांडून पथक लक्ष्मी रस्त्यावर रंगात येतं, कुणीतरी मूठभर गुलाल आणि फुलांच्या पाकळ्या वर फेकतं, आणि पडद्यावर गुलालाच्या जागी गुलाबी ठोकळे पसरतात. ताशा वाजवणाऱ्याचे हात फराटे होऊन जातात. दोन सेकंदांनी गुलाल खाली बसतो आणि चित्र पुन्हा ठिकाणावर येतं.

आमच्या शेजारच्या काकांचं यावरचं निदान ठरलेलं आहे: "कॉम्प्युटर म्हातारा झाला." उपायही ठरलेला. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठायची आणि रॅम वाढवून आणायची. बऱ्याच पुणेकरांचा हाच शिरस्ता असतो, आणि बहुतेक वेळा त्या रॅमचा व्हिडिओच्या दुखण्याशी काडीचा संबंध नसतो. गुलालातले ठोकळे, मध्येच राखाडी पडणारा पडदा, ओठांशी न जुळणारा आवाज, कॅमेरा वळला की बसणारे हिसके, यातल्या प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे आणि प्रत्येक जण आपलं मूळ उघड सांगत असतो. मला तर व्हिडिओ नीट चालतो तेव्हापेक्षा बिघडतो तेव्हा जास्त बघावासा वाटतो. नीट चालतो तेव्हा आपल्याला बेमालूम फसवलेलं असतं. बिघडला की ती फसवणूक कशी केली होती ते दिसतं.

फसवणूक केवढी मोठी आहे, ते आधी आकड्यांत पाहू. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, म्हणजे तीन बाइट. एका चित्राचे झाले ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रं धरली तर साडेपंधरा कोटी बाइट. दोन तासांचा सिनेमा असा जसाच्या तसा साठवायचा तर ११०० जीबी लागतील. तोच सिनेमा आपण चार-साडेचार जीबीच्या फाइलमध्ये पेनड्राइव्हवर घालून फिरतो. अडीचशे भागांतले दोनशे एकोणपन्नास भाग गेले कुठे?

फेकून दिले. आणि आपल्याला कळलंही नाही.

पहिली कात्री रंगाला लागते. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक फार बारकाईनं टिपतो, पण रंगाच्या बाबतीत चांगलाच ढिला आहे. म्हणून फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा वेगळा लिहितात, रंग मात्र शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच. एवढ्यानंच निम्मा ऐवज गळतो. खोटं वाटत असेल तर एखाद्या बातम्यांच्या व्हिडिओत गडद निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं नाक पडद्याला लावून बघा. कडा रंगाबाहेर सांडलेल्या दिसतील.

दुसरी कात्री जास्त देखणी आहे आणि तिच्यामागे एक बंगळुरूचा माणूस आहे. नासिर अहमद तिथेच इंजिनिअर झाले, अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला. कल्पना फारच सोपी आहे, म्हणून अर्ज नामंजूर झाला. अहमद यांनी निधीवाचून काम पुढे रेटलं. जानेवारी १९७४मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा चार पानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावानं ते गणित ओळखलं जातं. आज मोबाइलमधला फोटो, डीव्हीडी, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारी फुलं, या सगळ्यांच्या पोटात ते किंवा त्याच्याच कुळातलं गणित असतं.

ते करतं काय? चित्राचे लहान लहान चौकोन पाडतं, समजा आठ बाय आठ ठिपक्यांचे. मग चौकोनातले ६४ ठिपके एकेक करून न सांगता, ६४ ठरावीक नक्ष्यांपैकी कोणती नक्षी किती प्रमाणात मिसळली की हा चौकोन तयार होईल, ते सांगतं. पहिली नक्षी म्हणजे नुसता सपाट रंग. त्यापुढच्या नक्ष्या म्हणजे हलका चढ-उतार, मग जाड पट्टे, मग बारीक पट्टे, मग अगदी तिळाएवढी चौकट. गंमत अशी की खऱ्या जगातल्या बहुतेक चौकोनांना या ६४मधल्या चार-पाचच नक्ष्या पुरतात. आकाशाच्या तुकड्याला तर पहिली एकटीच. बारीक नक्ष्या गाळून टाकल्या तरी डोळा हू की चू करत नाही. पण जागा कमी पडली म्हणून त्या फारच सढळ हातानं गाळल्या, तर शेजारचे दोन चौकोन कडेला जुळेनासे होतात आणि चौकटी उघड्या पडतात. गुलालात दिसणारे ठोकळे ते हेच. चित्र फाटत नाही, चित्राखालची आखणी वर येते.

तरीही एवढ्यानं अडीचशेपट कपात होत नाही. खरी मोठी कात्री काळाला लागते. किराण्याच्या दुकानातली उधारीची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वरचाच माल पुन्हा नेला की खाली नुसत्या दोन रेघा मारायची पद्धत आठवत असेल. व्हिडिओची फाइल तशी लिहिलेली असते. एक चित्र पूर्ण, आणि मग पुढची कित्येक चित्रं 'वरीलप्रमाणे. फक्त पताका तीन ठिपके उजवीकडे सरकली आहे' अशा थाटात. काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र, पुन्हा रेघा. त्यातही एक वाह्यातपणा आहे: काही चित्रं मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधारे लिहिलेली असतात. पुढचं चित्र अजून दाखवायचं असतं, पण मधलं रंगवायला ते आधी लागतं. म्हणून फाइलमध्ये चित्रं पहिलं, चौथं, दुसरं, तिसरं अशा वेड्यावाकड्या क्रमानं ठेवलेली असतात. प्लेअर आधी भविष्य वाचतो, मग वर्तमान रंगवतो, आणि सगळं सरळ ओळीत लावून आपल्यासमोर धरतो. सेकंदाला पंचवीसदा.

आता वहीतली पूर्ण ओळच फाटली तर? खालच्या रेघांना अर्थ राहत नाही. फाइल अर्धवट उतरली असेल, हार्ड डिस्कवरचा एखादा तुकडा खराब असेल, किंवा तुम्ही पट्टी ओढून रेघांच्या मधोमध उडी मारली असेल, तर पडदा राखाडी होतो आणि त्या राखाडीत हलणाऱ्या माणसांच्या नुसत्या कडा तरंगतात. पताका तीन ठिपके सरकवा, ही सूचना प्लेअरला मिळाली आहे. सरकवायची पताका मात्र त्याच्याकडे नाही. पुढचं पूर्ण चित्र येताच सगळं जागच्या जागी. थिएटरमध्ये हा प्रकार दिसत नाही, कारण तिथल्या डिजिटल प्रतीत प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि संपूर्ण लिहिलेलं असतं. तिथे रेघा मारायची सोय नाही, म्हणून तर तशी एक प्रत शेकडो जीबीची होऊ शकते.

गुलालाकडे परत येऊ. संगमरवरी मखरात बसलेली मूर्ती रेघांवर भागते. चालणारं पथक थोडं महाग. पण हवेतला गुलाल आणि पाकळ्या, एकेक कण आपल्या मर्जीनं जाणारा. 'वरीलप्रमाणे' म्हणायला वरचं काही उरतच नाही. प्रत्येक चित्र जवळजवळ नव्यानं लिहायला लागतं, आणि सेकंदाला किती बाइट खर्चायचे याची मर्यादा तर आधीच घातलेली असते. मग गणित हाताला येईल ती बारीक नक्षी कापत सुटतं. धबधबा, पावसाची झड, लग्नातल्या अक्षता, इथेही हेच होतं. स्टुडिओत बसलेला निवेदक मात्र अगदी काटकसरीत सुंदर दिसतो.

म्हणून पहिली परीक्षा अशी: बिघाड दर वेळी त्याच सेकंदाला येतो का, आणि दुसऱ्या यंत्रावरही तिथेच येतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर दुखणं फाइलमध्ये आहे, कॉम्प्युटर निर्दोष आहे. काकांच्या लॅपटॉपवरची मिरवणूक व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती, आणि तिथे व्हिडिओ पाठवताना पुन्हा एकदा दाबला जातो. गाळलेल्या नक्ष्या कुणीही परत आणू शकत नाही. रॅम नाही, नवा लॅपटॉप नाही, देव पाण्यात ठेवले तरी नाही. ज्यानं चित्रीकरण केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागवायची, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून. तशी ती न दाबता येते.

काकांनी मागवली. ठोकळे गेले, पाकळी न् पाकळी दिसायला लागली. आणि व्हिडिओ चालेना.

हा दुसरा बिघाड जवळून बघण्यासारखा आहे. ढोल ठणठणीत वाजत होता, एकही ठोका चुकत नव्हता. चित्र मात्र एका जागी थिजायचं, मग एकदम चार पावलं पुढे उडी मारायचं. लॅपटॉपचा पंखा घरभर ऐकू येत होता. माऊस ओढावा तर तोही जड. आवाज आणि चित्र एकाच फाइलमधून येतात, मग आवाजाला काहीच कसं होत नाही?

कारण प्लेअर मुद्दाम चित्राचा बळी देतो. बहुतेक प्लेअरमध्ये आवाज हेच घड्याळ असतं आणि चित्राला त्याच्यामागे धावावं लागतं. कान फार काटेकोर आहे. आवाजात काही मिलिसेकंदांची फट पडली तरी टक्कन ऐकू येतं. डोळा एखाददुसरं चित्र गहाळ झालेलं सहज पोटात घालतो. म्हणून यंत्राला वेळ पुरेनासा झाला की प्लेअर उशिरा तयार झालेली चित्रं न दाखवताच टाकून देतो आणि ढोलाला धक्का लागू देत नाही. यातून निदानाची दुसरी खूण मिळते. आवाज चालू आणि चित्र अडखळतंय, तर कॉम्प्युटर चित्रं उलगडण्यात कमी पडतोय. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबतात, तर माल पोचत नाहीये: इंटरनेट मंद आहे, किंवा डिस्क मरायला टेकली आहे. पेनड्राइव्ह जुना आणि मंद असेल तरीही हेच होऊ शकतं.

किती वेळ मिळतो एका चित्राला? सेकंदाला २५ चित्रं असतील तर ४० मिलिसेकंद. काकांच्या पुतणीनं फोनवर चित्रीकरण केलं होतं ४केमध्ये, सेकंदाला ६० चित्रांनी. तिथे हा अवधी १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी होतो, आणि सेकंदाला रंगवायचे ठिपके होतात ४९ कोटी ७७ लाख. १९९१मध्ये पुण्याच्याच सी-डॅकनं परम ८००० हा देशी बनावटीचा पहिला सुपरकॉम्प्युटर उभा केला, तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी गणितं एवढा होता. अख्खा परम या मिरवणुकीला जुंपला असता तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम दोन गणितं आली असती. तेवढ्यात काही व्हिडिओ उलगडत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या गॅलरीतून एका हातानं सहज टिपलेल्या पाच मिनिटांपुढे तो सुपरकॉम्प्युटर हात टेकेल.

मग साधा फोन हे कसं पेलतो? त्याच्या चिपमध्ये फक्त याच कामासाठी कोरलेला एक वेगळा कोपरा असतो. दुसरं काहीही त्याला येत नाही. व्हिडिओ उलगडणं मात्र तो चहा पिता पिता करतो आणि बॅटरीही फार खात नाही. अडचण एवढीच की हा कोपरा कारखान्यात एकदाच कोरला जातो. व्हिडिओ लिहिण्याची जी लिपी तेव्हा ठाऊक होती तेवढीच त्याला कायम वाचता येते. एच.२६४ ही लिपी २००३ची, ती जवळपास सगळ्यांना येते. एचईव्हीसी २०१३ची, इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ती नीट वाचणारा कोपरा २०१५च्या सहाव्या पिढीपासून आला. एव्ही१ ही २०१८ची, आणि ती इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२०पासून वाचता येते. काकांचा लॅपटॉप एचईव्हीसीच्याच वयाचा. त्याच्या कोपऱ्याला ही लिपी अडाण्यापुढचं पुस्तक, म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर आला आणि पंखा ओरडायला लागला. तेव्हा 'म्हातारा झाला' हे काकांचं निदान निम्मं खरं निघालं. फक्त त्यावर रॅमचा उपाय नव्हता.

हे डोळ्यांनी बघता येतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे ही बटणं एकदम दाबली की फाइल कोणत्या लिपीत आहे ते कळतं. विंडोज १० किंवा पुढचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू उघडा. 'व्हिडिओ डिकोड' नावाचा छोटा आलेख दिसेल. व्हिडिओ चालू असताना तो वर गेला तर तो खास कोपरा कामाला लागला आहे. तो जमिनीवर पडून आहे आणि शेजारी प्रोसेसरचा आलेख छताला भिडलाय, तर कोपऱ्याला लिपी येत नाही किंवा त्याला कुणी हाक मारलेली नाही. हाक मारणं म्हणजे प्लेअरच्या किंवा ब्राउझरच्या सेटिंगमधलं 'हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन' चालू करणं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताजा करणं. कधीकधी उलटंही घडतं, ते चालू असतं म्हणूनच पडदा हिरवा किंवा काळा पडतो. मग बंद करून बघायचं. लिपीच येत नसेल तर हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनानं फाइल एच.२६४मध्ये, फुल एचडी आकारात पुन्हा लिहून घ्यावी. काकांची मिरवणूक रात्रभर अशी रूपांतरित होत होती, सकाळी चहाबरोबर विनातक्रार चालली.

व्हीएलसीबद्दल जाता जाता. पॅरिसच्या एकोल सॉन्त्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये हा खटाटोप सुरू केला आणि २००१मध्ये तो मुक्त परवान्यानं जगाला देऊन टाकला. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसी फाइल उघडताना दुकानाकडे बोट दाखवून वरचे पैसे मागू शकतो. नारिंगी शंकूवाला हा प्लेअर सगळ्या लिप्या बरोबर घेऊनच येतो. आवाज येतोय आणि पडदा नुसता काळा, अशी तक्रार असेल तर निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं.

यूट्यूबवर निदान आणखी सोपं. चालू व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात आकड्यांची पाटी येते. तिच्यात 'ड्रॉप्ड' हा आकडा वाढत असेल तर कॉम्प्युटर दमला आहे. दर्जा १०८०वरून ७२०वर आणा. 'बफर हेल्थ' शून्याकडे घसरत असेल तर दोष इंटरनेटचा. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती वायफाय गिळतात, आणि कोथरूडच्या सोसायट्यांत शेजारपाजारचे पंधरा राउटर एकाच लहरीवर एकमेकांच्या अंगावर बोलत असतात. वायर लावून बघणं ही सर्वांत स्वस्त चाचणी.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते. व्हिडिओ पहिली दहा मिनिटं मख्खन चालतो, मग रेंगाळायला लागतो. लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो, खालची जाळी चादरीनं झाकलेली, आत वर्षानुवर्षांची धूळ. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. टेबलावर ठेवा, धूळ काढून घ्या.

आणि रंग धुतल्यासारखे फिके दिसत असतील, गुलाल गुलाबीऐवजी राखेकडे झुकत असेल, तर फोननं तो व्हिडिओ एचडीआरमध्ये टिपला असण्याची दाट शक्यता. जास्त उजळ पडद्यासाठी लिहिलेले आकडे साधा पडदा शब्दशः वाचतो. पुढच्या वेळी फोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर बंद ठेवायचं. आयफोन असेल तर 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की एचईव्हीसीचीही कटकट मिटते.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, या तक्रारीत निसर्गानं आपल्याला आधीच शिकवून ठेवलेलं काहीतरी आहे. लक्ष्मी रस्त्यावर शंभर मीटर पुढच्या पथकाकडे बघा. टिपरू ढोलावर आदळताना आधी दिसतं, ठोका पाव सेकंदाहून थोड्या जास्त वेळानं येतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच चालतो. आवाज उशिरा येणं जन्मापासून अंगवळणी पडलेलं आहे. आधी येणं मात्र जगात कुठेच घडत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत मोजमाप असं आहे की आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांना खटकायला लागतं, उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. ब्लूटूथ इअरफोन ही मर्यादा सहज ओलांडतात. व्हीएलसीमध्ये जे दाबलं की आवाज थोडा अलीकडे येतो, के दाबलं की पलीकडे जातो. ओठ जुळेपर्यंत दाबत राहायचं.

लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या फाइलींचं दुखणं आणखी निराळं. अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडेला आडवे दाते दिसतात. जुन्या टीव्हीसाठी चित्र दोन हप्त्यांत टिपलं जायचं, आधी विषम ओळी, मग २० मिलिसेकंदांनी सम ओळी. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. जुना टीव्ही हे दोन हप्ते ओळीनं दाखवायचा, कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत 'डीइंटरलेस' चालू केलं की दाते जातात.

सगळं ठीक असूनही कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं, त्याचं कारण साध्या भागाकारात आहे. बहुतेक लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. सेकंदाला २४ चित्रांच्या सिनेमातलं एक चित्र त्यावर अडीच वेळा दिसायला हवं. अडीच वेळा दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा. सरळ चालणारा बैल लंगडताना दिसतो. २५ चित्रांच्या व्हिडिओला बाहेरचा मॉनिटर ५० हर्ट्झवर ठेवता आला तर लंगडणं थांबतं. दूरदर्शनच्या पद्धतीतली २५ चित्रं आणि सिनेमाची २४ यांची सांगड घालायचा एक जुना मार्ग म्हणजे सिनेमा सरळ चार टक्के जास्त वेगानं पळवणं. दोन तासांचा चित्रपट पाच मिनिटं आधी संपतो आणि गायकाचा सूर किंचित चढतो.

वेगाचा हा घोळ कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक नमुने पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. १९६४मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी देशभरातून रिळं गोळा केली, त्यात दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांचे उरलेसुरले भागही आले. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं हा सर्वसाधारण हिशेब. पण तो चालवणाऱ्याच्या हातावर. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग २४वर पक्का झाला आणि जुने मूकपटही त्याच यंत्रांवर चढले. माणसं तुरुतुरु पळायला लागली, राजे लगबगीनं रडायला लागले. मूकपटातली माणसं अशीच धांदरट हालचाल करायची असा एक समज आपल्याकडे अजूनही आहे. त्यांच्या चालीत काही खोट नव्हती. त्यांना दीडपट वेगानं दाखवलं गेलं.

यातून एक हिशेब मांडता येतो आणि तो मला फार आवडतो. '३५ मिलिमीटर'च्या फिल्मवर एका फुटात बरोबर १६ चित्रं बसतात. म्हणजे सोळाच्या वेगानं सेकंदाला एक फूट फिल्म सरकते. फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट लांबीचा होता असं नोंदलेलं आहे. सोळाच्या वेगानं तो चालेल ३७०० सेकंद, म्हणजे तासापेक्षा दीडेक मिनिट जास्त. चोवीसच्या वेगानं ४१ मिनिटं. या चित्रपटाची लांबी सर्रास ४० मिनिटं म्हणून सांगितली जाते. ही ४० मिनिटं बोलपटाच्या यंत्राची असावीत, असा माझा तर्क आहे. त्र्यंबक तेलंगांनी कॅमेरा कोणत्या लयीत फिरवला यावर खरं उत्तर अवलंबून. पण सोळाच्या आसपास फिरवला असेल, तर ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये बसलेल्या प्रेक्षकांच्या वाट्याला हरिश्चंद्राची वीस मिनिटं आपल्यापेक्षा जास्त आली असणार.

इंटरनेटवर फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चे तुकडे सापडतात. १९१९चा हा मूकपट, कृष्णाच्या भूमिकेत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. काही जणांनी वेग सुधारून चढवले आहेत, काहींनी तसेच. तुमच्यासमोर पळणारी माणसं आली तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा. २४चे पाऊण म्हणजे १८, हाताच्या लयीच्या पुष्कळ जवळ. अजून घाई वाटली तर व्हीएलसीमध्ये ०.६७पर्यंत उतरता येतं. आवाज मात्र बंद ठेवा. हल्ली मागे चिकटवलेली बासरी पाऊणपट वेगात ऐकवत नाही, आणि फाळक्यांनी ती घातलेलीही नव्हती.